टिंबाच्या जागी खिळा

मी कॅनव्हास बोलतोय. साल दोन हजार अठरा. हिवाळा सरत आलेला, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. सकाळी शाल लागते, दुपारी ती नकोशी होते. अशा हवेत माझं कापड सैल पडतं. पण या आठवड्यात मी आखडून गेलो होतो. थंडीनं नाही, भीतीनं.

मी हलका माल नाही, हे आधी सांगतो. जाड सुती विणीचा, चांगल्या लाकडाच्या चौकटीवर चारी बाजूंनी ओढून ठोकलेला. दुकानातून मला एका निवृत्त हेडक्लार्कनं नेलं. त्यानं माझ्या कोपऱ्यात एक डोंगर काढायला घेतला. अर्धा डोंगर झाला आणि त्याला चहाची आठवण झाली. तो उठला तो परत आलाच नाही. नऊ वर्षं मी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. काय चुकलं होतं, कुणी सांगितलं नाही.

पुढे त्याचं घर रंगवायला एक रंगारी आला. त्यानं विचारलं, "हे काय करायचं?"

"न्या तुम्ही. अडगळ आहे."

असा मी रंगाऱ्याच्या हाती आलो. सत्तरीचा माणूस, चौथी शिकलेला, बोलायला कंजूष. भिंतींवर चाळीस वर्षं घालवलेली. त्याचा नियम एकच. भोक दिसलं की बुजवायचं, डाग दिसला की झाकायचा. रंगाचा पहिला हात, वर दुसरा हात, विषय संपला. कामावर तो मला बादलीखाली आडवा ठेवायचा. दोन वर्षं मी खालून बघत होतो. पोरांच्या उंचीच्या खुणा, घाईत लिहिलेले फोन नंबर, कुणाच्या डोक्याच्या तेलाचा डाग. त्याचा ब्रश फिरला की काही उरायचं नाही. एक दिवस माझी पाळी येणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

ती या गुरुवारी आली.

त्यानं मला धुतलं, पुसलं आणि त्याच्या स्वतःच्या घरी, मागच्या खोलीत खुर्चीवर उभं केलं. शेजारी लांबीचा, म्हणजे पुट्टीचा डबा, ती भरायची लोखंडी पत्ती, पॉलिश पेपर. भिंतीची भोकं ज्यानं बुजवतात तेच सगळं. मी म्हटलं, आटोपलं.

त्याची बायको दारात आली. हातात सुतळीचा गुंडा.

"आता हे काय काढलंत? रविवारी घर सोडायचं. सोमवारी बिल्डरचे लोक घर पाडायला येणार. अजून भांडी बांधायचीत."

"पोरगी येतेय ना रविवारी?"

"येतेय. तुमच्यासाठी नाही, माझ्या सामानासाठी. अकरा वर्षांनी उंबरा ओलांडणार आहे. तेवढं तोंड सांभाळा."

"तिची कविता देणं लागतो मी," तो म्हणाला. "ती द्यायचीय."

बायको दारातच टेकली आणि जुनं सगळं बोलली. मग मला गोष्ट कळली. मुलीनं पंधराव्या वर्षी या खोलीच्या भिंतीवर कंपासच्या टोकानं एक कविता कोरली होती. संध्याकाळी बाप कामावरून आला. भिंत खराब केली एवढंच त्याला दिसलं. न वाचता त्यानं वर दोन हात मारले, कॅलेंडरसाठी एक खिळा ठोकला आणि हात धुतले. त्या दिवसापासून मुलगी त्याच्याशी हो आणि नाही एवढंच बोलली. नोकरी लागली तशी दुसऱ्या गावी गेली. मग तेही बंद.

तो भिंतीकडे वळला. पाणी मारलं, पत्तीनं थर काढायला लागला. निळा गेला, पिवळा गेला, खाली चुना लागला. खरवडण्याचा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. दर खरवडीला वाटायचं, आता भिंत झाली की मी. पण त्याचा हात हलका होता. मला नवल वाटलं. तोही घाबरलेला होता. जास्त दाबलं तर अक्षर जाईल, कमी दाबलं तर दिसणार नाही.

दुपारपर्यंत चार ओळी वर आल्या. त्यानं भिंतीवर पातळ कागद धरला आणि कोळसा घासून छाप उचलली.

"इथं एक भोक उठलंय," बायको म्हणाली.

"खिळ्याचं आहे. माझंच."

शुक्रवारी त्यानं माझ्यावर पांढरा डिंक फासला. त्यावर गोणपाटाचे तुकडे, चाळलेली वाळू आणि त्याच भिंतीचे निघालेले पोपडे. निळे, पिवळे, चुन्याचे. अर्धा डोंगर त्याखाली गेला. मला वाईट वाटलं नाही. ते वाळल्यावर शनिवारी लांबी भिजवून त्यानं छापीवरून एकेक अक्षर उठवलं, बोटाला लागेल असं जाड. डाव्या हातानं उजवं मनगट धरून. खिळ्याचं भोक मात्र त्यानं उठवलं नाही, गाळलं. भोक ठेवायची त्याला सवयच नव्हती.

बायकोनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"रंग लावा, चढणार नाही.
खिळा ठोका, लागेल मला.
हाक मारा, ओ देईन.
मी भित नाही."

"बघ," तो म्हणाला. छाती जरा पुढे आली. "भीत नाही म्हणते. माझी पोरगी आहे."

"पण भीतमधली भी दीर्घ असते हो."

"पोर होती. चुकली असेल."

"तिला मराठीत नव्वदच्या खाली गुण कधी पडले नाहीत. तुम्ही आपले चौथी पास."

"चौथी पास झालोय. नापास नाही."

रविवारी सकाळी मुलगी आली. कानशिलावर दोन-चार पांढरे केस. आईच्या गळ्यात पडली, बापाकडे बघून मान हलवली आणि माझ्यासमोर थबकली. मग खाली बसली. तिचं बोट माझ्यावरून फिरलं. रंग, खिळा, हाक. शेवटच्या ओळीवर ते थांबलं.

"टिंब कुठंय?"

"कसलं टिंब?" बापाचा आवाज चढला. माझी चौकट थरारली.

"'भि'वरचं. मी भिंत नाही, असं होतं ते."

"तिथं खिळ्याचं भोक होतं."

"खिळा तुम्ही टिंबावर ठोकलात, बाबा." ती ओरडली नाही. "भीत नाही असं मी कशाला लिहीन? तुम्ही दारात चपला काढल्या की मी भ्यायचे. अजून भिते. आत्ता रिक्षातून उतरतानाही भ्याले."

आईच्या हातातली सुतळी सुटून घरंगळत गेली. बापानं पत्ती उचलली आणि डब्यात बुडवली. इतकी लांबी! तेवढ्या लांबीनं आख्खी ओळ बुजते. चिडलेला माणूस काय करतो ते मी बादलीखालून पाहिलेलं आहे. माझं सगळं कापड आत ओढलं गेलं. पळता येत नाही, ओरडता येत नाही. मुलगीही मागे सरकली.

लोकहो, माझं एवढंच मागणं आहे. भोक दिसलं की लगेच बुजवू नका. ते कुणाचं तरी अक्षर असेल.

पत्ती माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मग त्यानं ती खाली ठेवली, करंगळीच्या टोकावर तिळाएवढी लांबी घेतली आणि 'भि'वर टेकवली. दाबली नाही. नुसती ठेवली.

मुलीनं मान वर केली नाही. ती हातभर अंतरावर बसलेली. तिथं हाक मारायची गरज नव्हती. तरी त्यानं घसा खाकरला आणि लहानपणीच्या नावानं हाक मारली.

"छबे."

"ओ," ती म्हणाली.