चारशे अकरा किडे

"निंघना! आखो एक निंघना!"

नंदुरबारच्या धर्मशाळेपुढे त्या बाजाराच्या दिवशी अशी दाटी झाली होती की 'आणखी एक निघाला' हा गलका ऐकून मिरच्या विकणाऱ्या बायासुद्धा ढीग तसेच टाकून धावल्या होत्या. मधोमध गिरनारी महाराज. पुढ्यात पाण्याने भरलेली परात, परातीत एक वीट, विटेवर लालभडक तापलेला लोखंडाचा तुकडा. दातदुखीने बेजार झालेला माणूस परातीवर वाकून तोंड उघडे. महाराज तुपात कालवलेलं काहीतरी त्या लोखंडावर टाकत आणि परातीसकट माणसाला घोंगडीखाली झाकून घेत. आतून धूर, ठसका, तडतड. घोंगडी काढली की परातीतल्या पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगताना दिसत.

"पाहा, पाहा! हा राजकिडा!" महाराज बोटावर एक उचलून गरजत. "मागच्या जन्मी उंदीर होता, म्हणून कुरतडायची खोड जात नाही. याची आजी अजून आत बसली आहे. पुढच्या बाजारी या, तिलाही बाहेर काढू."

लोक हात जोडत होते. एकच माणूस हात जोडत नव्हता, कारण त्याच्या हातात वही होती. उखाजी मास्तर किडे मोजत होते. अडाणी माणूस नमस्कार करतो, शास्त्रीय माणूस मोजतो, अशी त्यांची समजूत. महाराजांना दोघेही सारखेच उपयोगी पडतात, हे त्यांना अजून कळायचं होतं.

मास्तर 'शीघ्र औषध-शोध मंडळा'चे चिटणीस होते. मागल्या साली हिवतापाने तालुक्यात घरंच्या घरं आडवी केली. औषध मुंबईहून निघायचं, आणि ते पश्चिम खानदेशात पोचेपर्यंत रोग्याचं वर्षश्राद्धही उरकलेलं असायचं. तेव्हा वाट कशाला पाहायची, आपणच उपाय शोधावेत, पारखावेत आणि गोरगरिबांपर्यंत झटपट पोचवावेत, असं गावातल्या पाच भल्या माणसांनी ठरवलं. लाकडाचे व्यापारी दाऊदशेठ अध्यक्ष झाले. कोणाला यात दमडीचा लाभ नव्हता. हेतू सोन्यासारखा होता, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी मंडळाची गत होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सभासद व्हायला बोलावलं होतं. ते म्हणाले, "कोणताही उपाय सहा महिने पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही." ज्या मंडळाच्या नावातच 'शीघ्र' होतं, त्याला असा माणूस कसा परवडणार?

मास्तरांच्या वहीत एकवीस रकाने होते. रुग्णाचं नाव, वय, दाढ कितवी, किडे किती, लांबी, रंग, वळवळ मंद की जलद. पाच शिकलेल्या माणसांनी तीन बैठका घेऊन हे रकाने ठरवले होते. दुखायचं थांबलं का, एवढा रकाना मात्र त्यात नव्हता. तो कोणाला सुचलाच नाही.

त्या दिवशीचा अठ्ठाविसावा आणि शेवटचा रुग्ण म्हणजे मास्तरांच्या मंडळी, भिकुबाई. त्यांच्या दाढेतून सदतीस किडे निघाले. मास्तरांची छाती फुगली. एकूण बेरीज झाली चारशे अकरा. तीन दिवसांत पत्रक छापून आलं: 'गिरनारी महाराजांच्या धूरप्रयोगाने अठ्ठावीस रुग्णांच्या दातांतून चारशे अकरा किडे निघाले. मंडळाने स्वतः मोजून खात्री केली आहे.' खाली चिटणिसांची वळणदार सही. गठ्ठे तळोद्याला गेले, तिथून डोंगरात मोलगीच्या बाजारापर्यंत गेले.

इकडे घरात भिकुबाई गाल धरून बसल्या होत्या.

"दाढ तशीच ठणकी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या.

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. मास्तर घरातही शाळेतलं मराठी बोलत. "सदतीस निघाले. तो उच्चांक आहे."

"किडा निंघना हुईत. पन माले दुखस, त्यानं काय?"

"तो ठणका नव्हे, ठणक्याची आठवण आहे. सवय मोडायला वेळ लागतो."

भिकुबाईंनी उठून लवंग दाढेखाली धरली. दुसऱ्या दिवशी गाल लिंबाएवढा सुजला. तिसऱ्या दिवशी तोंड उघडेना, पेजेचं पाणीही चमच्याने सोडावं लागलं. पुढच्या बाजाराच्या सकाळी मास्तरांनी कपाळाला हात लावला, तर चटका बसला.

"माले दवाखानामा लई चाला," भिकुबाई आवळलेल्या दातांतून म्हणाल्या.

मास्तर उठले, धोतर सावरलं, आणि दारातच थबकले. चिटणिसाची बायको दवाखान्यात गेली, तर पत्रकाचं काय? हा विचार त्या क्षणी त्यांच्या मनात खरोखर आला. पुढे आयुष्यभर ते हा प्रसंग स्वतःहून सांगत. असला विचार झाकून ठेवला की पुन्हा उगवतो, असं त्यांचं म्हणणं.

"महाराज आजच आहेत," ते चाचरत म्हणाले. "एकदा त्यांना दाखवू. ती... आजी राहिली असेल."

भिकुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. 

"चाला," त्या म्हणाल्या. "पन मन्हा पयले हाजराबी बसी. मंग तठून सीधा दवाखाना."

हाजराबी म्हणजे शेजारच्या कलईवाल्यांच्या घरातली म्हातारी. तिलाही दातदुखी आहे हे मास्तरांना नवीनच होतं, पण ओढणीने नाकापर्यंत तोंड गुंडाळून ती तयारच उभी होती. मास्तरांना त्यातही आनंद झाला. एकोणतिसावा रुग्ण आपण होऊन चालत आला होता.

धर्मशाळेपुढे दाऊदशेठ पत्रकं वाटत होते. महाराजांनी म्हातारीला परातीवर बसवलं, कळवळून "या माईच्या दाढांत तर किड्यांचं गाव वसलंय!" असं म्हणाले आणि घोंगडी टाकली. धूर, ठसका, तडतड. घोंगडी निघाली. मास्तर वाकून मोजू लागले.

"बावीस," त्यांनी लिहिलं. "हाजराबी, दाढ कितवी?"

"तुले जी आवडी ती लिखी ले, बेटा," म्हातारी म्हणाली, आणि ओढणी सोडून तिने आ वासला.

आत नुसत्या हिरड्या होत्या. ना दाढ, ना सुळा, ना एखादा खुंट. गेल्या दहा वर्षांत त्या तोंडात दात नावाची वस्तू नव्हती, आणि त्याच तोंडातले बावीस किडे परातीत पोहत होते.

आधी पुढची रांग हसली, मग मागच्यांनी विचारलं काय झालं, मग तेही हसले. महाराज मात्र कसलेले होते.

"हसता काय, मूर्खांनो! दात पडतात, पण किडे जातात कुठे? ते जिवात उतरतात! मी जिवातले काढले!"

हसू थांबलं. "हां, तसं व्हई सकस," कोणीतरी म्हणालं. दाऊदशेठही दाढी कुरवाळू लागले. मास्तरांची पेन्सिल वहीवर अधांतरी राहिली. खरं सांगायचं तर 'जिवातले' असा बाविसावा रकाना आखावा का, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात भिकुबाईंनी पदराची गाठ सोडली. आत चिमूटभर चपट्या पिवळट बिया होत्या.

"हाई काय शे, वळखा," त्या महाराजांना म्हणाल्या. बोलताना डोळ्यांत पाणी येत होतं, तरी थांबल्या नाहीत. "रिंगणीनं, त्या काटाळ झुडुपनं बी. मन्हा बापना शेतना बांधवर उगस. त्या दिनले घोंगडीमा एक बी उडीसन मन्हा हातवर पडनं. काल मी आनि हाजराबीनी चुल्हावर करी दखं. आते कोनंच तोंड नको. मास्तर, तुम्ही टाका."

मास्तरांनी चिमूटभर बी घेतलं. महाराजांच्याच तुपाचं बोट लावलं, लोखंडावर टाकलं आणि माणसावाचूनच परातीवर घोंगडी पसरली. आतून तडतड ऐकू आली. घोंगडी उचलली. पाण्यावर पांढरे, बाकदार, नाजूक किडे तरंगत होते.

मास्तर सवयीने मोजून बसले. "चौदा."

"कोनाना?" दाऊदशेठांनी विचारलं.

कोणाचेच नव्हते. बी तापलं की फुटतं आणि आतला पांढरा वाकडा कोंब उडून पाण्यात पडतो. पाणी हललं की तोही हलतो, आणि 'वळवळ: मंद' असं वहीत लिहिणारा एक मास्तर समोर असला की काम फत्ते. लोक बिया पाहायला भिकुबाईंभोवती गोळा झाले तेवढ्यात महाराजांनी परात तिथेच टाकून स्टेशनची वाट धरली.

मास्तरांना त्यांच्या मागे धावायला सवड नव्हती. भिकुबाई तिथेच खाली बसल्या होत्या आणि त्यांना उठवत नव्हतं. शाळेतलं मराठी मास्तरांच्या तोंडून पार गळालं. "गाडी आना रे! मन्ही घरवाली मरी जाई! गाडी आना!" ते ओरडत होते.

डॉक्टरांनी गालाच्या आतून चीर देऊन वाटीभर पू काढला, आणि ती दाढही काढली. हात धुता धुता म्हणाले, "आणखी दोन दिवस गेले असते तर पू गळ्यात उतरला असता, मग माझ्याने काही झालं नसतं. चिटणीससाहेब, घाई करायची तर रोग्याला इथे आणायची करा. खात्रीची घाई करू नका."

चौथ्या दिवशी भिकुबाई नीट बोलू लागल्या. पहिलं वाक्य हेच: "तुम्ही किडा मोजात. माले कोनी इचारं नही."

मग मंडळाने घरोघर जाऊन विचारलं. अठ्ठावीस जणांपैकी एकोणीस जणांचं दुखणं तसंच होतं. पाच जणांनी दाढ कधीच उपटून घेतली होती, त्यात भिकुबाईही आल्या. चौघांना बरं वाटलं होतं. दुखणं कधी कधी आपोआपही थांबतं, महाराज असोत वा नसोत. हा तपास दोन दिवसांत झाला. पत्रकाआधी केला असता तर तेव्हाही दोनच दिवस लागले असते. मास्तर हे सांगताना स्वतःच हसत, आणि ऐकणारेही हसत.

ते हसू एका दुपारी विरलं. मोलगीकडचा रायसिंग नावाचा शेतकरी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. अर्धा चेहरा सुजून डोळा मिटला होता. डोंगर पायी उतरून तो तळोद्याला आला होता आणि तिथून बैलगाडीने इथे. त्याने कमरेची घडी काढली. मंडळाचं पत्रक होतं. त्याला वाचता येत नव्हतं, बाजारात कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

"किडे काढणारा कुठे आहे?" त्याने मोडक्या मराठीत विचारलं.

मास्तरांनी सांगितलं की तो पळाला, ते सगळं खोटं होतं.

रायसिंगने कागद उलगडून खालच्या वळणदार अक्षरांवर बोट ठेवलं. "तळोद्याला दवाखाना होता," तो म्हणाला. "मी तसाच पुढे आलो. कागद तुमचा होता म्हणून. ही सही तुमचीच ना?"

"माझीच," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी रायसिंगला वाचवलं, पण त्याचा जबडा एका बाजूने कायमचा आखडला. भाकरी दुधात भिजवल्याशिवाय त्याला खाता येईना. महाराजाला तर त्याने कधी पाहिलंही नव्हतं. त्याला फसवलं होतं ते उखाजी मास्तरांनी, भल्या मनाने आणि वळणदार अक्षरात. मास्तरांना त्याची लाज वाटली आणि ती पुढे कधी कमी झाली नाही.

रायसिंग हिंडूफिरू लागल्यावरच्या बाजाराला मास्तर त्याच धर्मशाळेपुढे, तीच परात घेऊन बसले. रायसिंगला त्यांनी पुढे बसवलं. बी तापवलं, किडे काढून दाखवले, पत्रक सगळ्यांसमोर फाडलं आणि म्हणाले,

"भाऊ, बहिनी, आयका. कोनी चमत्कार दखाडा ते दोनच गोष्टी करा. जो आजारी नही, त्यानावर तोच चमत्कार करी देखा. आनि जो आजारी शे, त्याले इचारा, तुले बरं वाटनं का? हाई समजाले माले चारशे अकरा किडा मोजना पडनात, घरवाली मराले टेकनी आनि ह्या रायसिंगना जबडा गया. तुम्ही इतलं मोल देऊ नका. आनि कागदवर कोनानी सही शे ते देखीसन भरोसा ठेवू नका. मन्ही सही ऱ्हायनी, तरीबी पयले दवाखानामा जाईसन इचारा."