दहा वाजताची उघाडी

तर धाकूला नगरपालिकेनं घड्याळ दिलेलं! गजराचं, वर दोन घंट्या. अख्खा जन्म मिठागरात गेलेला माणूस. मिठागर बंद पडलं, दोन वर्षं घरी बसला, आणि चौपन्न साली नगरपालिकेनं तेच मिठागर घेतलं. का, तर ठाण्याच्या गटाराचं पाणी थेट खाडीत जायला नको. आधी मिठाच्या कोंड्यांत, त्या बांध घातलेल्या वाफ्यांत, साचवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग वरचं निवळलेलं सोडायचं. सोडायला उघाडी होतीच, बांधातलं फळ्या वर उचलायचं जुनं दार, आणि तिचा दोर ओढायला धाकू होता. ओव्हरसियर हरिहर साहेबांनी कागदच दिला. रोज सकाळी दहा. धाकू साडेनऊपासून घड्याळासमोर उभा!

"माझ्याकडं कवा येवढं बगितलंत?" सगुणा, त्याची बायको, हसायची.

उघाडीच्या जरा वर खाडीचा एक फाटा आत शिरतो ना, तिथल्या खडकांवर सगुणा कालवं काढायची. कोयतीनं शिंपला फोडायचा, आतलं मऊ मांस वाटीत, वाटी बाजारात. तीन महिने वाटी भरेना. आणि अवसेला तर रिकामीच घेऊन आली.

"मेली सगली. तोंडं उघडून पडलीत. वर काला गाल बसलाय."

"उन्हानं असंल," धाकू म्हणाला. मान काही वर केली नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन निघाली. खाडी रागावलीय, म्हणे, तिला द्यायचा. धाकूला ते बघवेचना. त्यानं तिचा हातच धरला.

"थांब. खाडी नाय रागावली. मी केलंय ते."

अवसेला, पुनवेला आणि पुढचे चार दिवस दहा वाजता भरती आत शिरत असते. धाकू ती डोळ्यांनी बघत होता, आणि तरी फळ्या वर! गटाराचं पाणी बाहेर जातंय कुठं, भरतीबरोबर उलटं वर, त्या फाट्यात जाऊन कोंडलं.

"तुमाला पानी कलत नाय?" सगुणा म्हणाली.

"कलतंय."

"मंग?"

"कागदावर दहा लिवलेलं."

तिनं नारळ खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, धाकूनं दोराला हात लावला नाही. नोकरी गेली तर परत घरी बसायचं, हे माहीत होतं त्याला. तेवढ्यात साहेब सायकलवर आले.

"वीस मिनिटं झाली, धाकू! घड्याळ बंद पडलं की काय?"

"चाललंय साहेब. पन पानी आत चाललंय. आज तिथी कोनची?"

साहेबांच्या घरी पंचांग, एकादशी कधी चुकायची नाही. "द्वितीया. का रे?"

"दोनाला पाऊननं गुना."

"दीड."

"दीडला पानी भरनार. उद्या सव्वादोनला. भरलं की वसरतं, तवा सोडलं तर भायेर जातं."

साहेब बांधावर बसलेच. "अरे, मग पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

"मना वाटलं, तुमी शिकलेले. इचार केलाच असंल."

"मला तिथी कळतात, धाकू. पाणी कुठं कळतं?" साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावरचे दहा खोडून 'ओहोटी लागल्यावर' लिहिलं. "वर मी बघतो काय सांगायचं ते. थांबून सोडलं तर साचलेलं पाणी आणखी निवळेल, असंच सांगतो. खोटं नाही ते."

सव्वाला सगुणा आली, हातात भाकरीचं फडकं. धाकूकडे न बघता पाण्याकडे बघत बसली. दीड वाजून गेला.

"थांबलं," ती म्हणाली.

"जरा दम धर. फिरू दे."

काठाशी तरंगणारा काटक्यांचा पट्टा हलला, हळूहळू समुद्राकडे निघाला. धाकूनं दोर धरला तसा तिनं मागून धरला. फळ्या करकरत वर.

"कालवं कवा येतील गं परत?"

"दोन वर्सं तरी."

"तवर?"

"तवर तुमचा पगार हाय की," सगुणा म्हणाली, "आता जोरानं ओढा."