ओंडक्यांच्या तोफा

टेकडीच्या माथ्यावर काळ्या तोफांची तोंडं दिसत होती. अमेरिकेतली यादवी चालू होती; खाली ओढ्यापाशी उत्तरेच्या फौजेने आपल्या तोफा तिकडे वळवल्या होत्या. आसा टेव्हिस धापा टाकत पोचला, तेव्हा पहिल्या तोफेत गोळा गेलाही होता.

"थांबा! वर तोफा नाहीत, ओंडके आहेत. दक्षिणेच्या लोकांनी माझ्याच रानातली झाडं तोडली आणि काजळी फासायला माझ्या मुलाला धरून नेलं. ईनॉक अजून वरच आहे."

लेफ्टनंट तरुण होता, बऱ्याच रात्री झोपला नसावा. "आधी टोपी काढ."

आसाने ती काढली नाही. कधीच शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती क्वेकर पंथाची माणसं टोपी काढतात ती फक्त प्रार्थनेला, माणसापुढे नाही.

"मित्रा, तू गोळा डागू नकोस."

"हा मला अरेतुरे करतोय!"

"हे क्वेकर सगळ्यांनाच करतात, साहेब," जाडजूड सार्जंट पर्डी म्हणाला.

"मागे अशाच एका म्हाताऱ्याने वाट मोकळी आहे म्हणून सांगितलं होतं. निम्मी माणसं गेली माझी." लेफ्टनंटने खिशातून बायबल काढलं. "ह्यावर हात ठेवून शपथ घे. मग ऐकतो."

आसाचा हात उचलला गेला. पण शपथ घेऊ नका, असं त्याच पुस्तकात लिहिलेलं. एरवी आपण खोटं बोलतो, असंच शपथ घेणारा कबूल करतो, हे त्यानेच ईनॉकला शिकवलं होतं. एका वाक्यात पोर वाचलं असतं. हात मध्येच थांबला.

"मी शपथ घेत नाही. वर तोफा नाहीत, एवढंच खरं." आपण बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचे नाही, असं त्याला वाटून गेलं.

तोफेवरच्या शिपायाने तोफ डागायची दोरी हातात घेतली.

"थांब रे!" पर्डी ओरडला. "साहेब, माझ्या गावात अर्धी घरं ह्या लोकांची. ह्याने शपथ घेतली असती, तर मीच म्हटलं असतं, हा सोंग घेतलेला हेर आहे. पोटचा पोर वर असताना जो शपथ घेत नाही, तो अस्सल क्वेकर. खोटं नाही बोलायचा."

लेफ्टनंट बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिला. "जा, बघून या. ह्याला पुढे ठेवा."

चढताना वरून एकही गोळी आली नाही. दक्षिणेचे शिपाई केव्हाच पसार झाले होते. गाडीच्या चाकांवर ओळीने मांडलेल्या ओंडक्यांपैकी एकाच्या चाकाला ईनॉक बांधलेला होता, कोपरापर्यंत काळा.

"तोफाही ह्यांच्याच पंथाच्या निघाल्या," पर्डी हसत सुटला. "लढायचं नाव नाही!"

आसाने टोपी काढली, छातीशी धरली आणि डोळे मिटले.

"बाबा," ईनॉक म्हणाला, "आधी दोर सोड ना."