पडद्यातला पदर

खुंट्या कशाच्या ठोकायच्या, हेसुद्धा सांगणारा देव गुणवंताने पहिल्यांदाच ऐकला.

सौंसरच्या बाजारामागे त्याचं दुकान होतं. लग्नाचे मांडव, कनाती, तंबू शिवायचे आणि उभे करून द्यायचे, हा त्याचा धंदा. फाल्गुनात पास्टर आमोसराव दुकानात आले. गावात त्यांची ख्रिस्ती मंडळी लहानशी. एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची उपासना चाले. यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभू येशू वधस्तंभावर गेले त्या दिवशी, शेडच्या अंगणात मोशेचा निवासमंडप उभा करायचा असं त्यांच्या मनात होतं.

"मोशे म्हणजे कोण?" गुणवंताने विचारलं.

"जुन्या काळचा इस्राएल लोकांचा पुढारी. हे लोक रानात भटकून राहिले होते, तंबूत राहत होते. तर देव म्हणाला, माझ्यासाठीही एक तंबू करा. मी तुमच्यात राहीन."

"देव तंबूत राहिला?"

"हो ना जी. लोक निघाले की त्याचाही तंबू गुंडाळायचा."

गुणवंताने कात्री खाली ठेवली. पास्टरांनी शास्त्र उघडून वाचून दाखवलं. पडद्यांची लांबी, रुंदी, कड्या, आकडे, दांडे, पितळेच्या खुंट्या. मग आतली मांडणी. अंगणात शिरलं की पहिली होमवेदी, मग हातपाय धुवायला पितळेचं गंगाळ. आत दीपवृक्ष, भाकरींचा मेज, धूपाची वेदी. आणि सगळ्यांच्या शेवटी एक पडदा. पडद्यामागे देवाचा कोश, म्हणजे त्याच्या आज्ञा ठेवलेली पेटी.

गुणवंता ऐकतच राहिला. जन्मभर त्याने मांडव घातले होते, पण पाहुण्याला एकेक पाऊल पुढे नेणारा मांडव त्याने पाहिला नव्हता. आधी आग, मग पाणी, मग उजेड, मग भाकर, मग सुवास. ज्याने हे योजलं त्याला माणूस कळला होता, असं त्याला वाटलं.

"करून देतो," तो म्हणाला.

कित्येक महिन्यांत कुठल्या कामाला तो असा चटकन हो म्हणाला नव्हता. मागच्या दिवाळीत नवीन राज्य झालं, त्याच आठवड्यात त्याची बायको शकुबाई तापाने गेली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा जिल्हा इकडे मध्य प्रदेशात राहिला. गावभर लोक या वाटणीवरच बोलत होते. गुणवंताला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सुईत दोरा ओवून द्यायला शकुबाई नव्हती, एवढंच त्याला कळत होतं.

पडद्याला निळा, जांभळा आणि किरमिजी असे तीन रंग हवे होते. निळा मिळाला, किरमिजी मिळाला. जांभळा काही बाजारात मिळेना.

"नागपूरले जा," कापडवाला म्हणाला. "आता परराज्य आहे, जपून जाजो."

गुणवंता नागपूरला गेला नाही. घरी येऊन त्याने पेटी उघडली. शकुबाईचं जांभळं लुगडं वर होतं. नेसून नेसून ते विरलं होतं. पदर तेवढा धड होता. ते घेऊन तो बराच वेळ बसला. मग त्याच्या मनात आलं, पेटीत कसर लागण्यापेक्षा देवापुढे टांगलेलं काय वाईट? शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाताना ती हाच पदर डोक्यावर घेत असे. त्याने पदर कापला आणि पडद्याच्या मधोमध जोडला, एका बाजूला निळा, एका बाजूला किरमिजी.

शकुबाईचा मोठा भाऊ रामाजी रामाकोन्याहून आला, तेव्हा पडदा दुकानात पसरलेला होता. त्याने पदर लगेच ओळखला.

"जवाईबुवा, माह्या बहिणीचं लुगडं तुम्ही किरिस्तावाच्या देवाले देऊन राहिले?"

"चांगल्या जागी राहील, रामाजी. कायमचं."

"गोधडी शिवली असती तर तुमच्याच अंगावर राहिलं असतं."

"गोधडी नाही होत माह्यानं. शिवाले बसलो की हात चालत नाही."

रामाजी उठला. चहा न घेताच गेला.

गुरुवारी दुपारी मंडप उभा राहिला. गुणवंताने दोर ताणून पाहिले, गंगाळात पाणी भरलं, शेवटी पडदा टांगला. पास्टर समोर उभे राहून पाहत होते.

"लई सुंदर झालं, गुणवंताभाऊ. उद्या फाडताना जिवावर येईल."

"काय फाडताना?"

"पडदा. पुढे या तंबूच्या जागी मंदिर झालं. प्रभूने प्राण सोडला तेव्हा त्या मंदिरातला असाच पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. उद्या तीन वाजता आपणही... मी तुम्हाले सांगितलं नव्हतं का?"

"नाही सांगितलं."

गुणवंताचा आवाज ऐकून पास्टर दचकले. मग तो पदर कोणाचा, हे गुणवंताने सांगितलं. पास्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून पडदा काढला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"माझी चूक झाली. घेऊन जा. आम्ही एखादी चादर लावू."

"फाडाचाच होता तर देवानं शिवाले कायले लावला?" गुणवंता रागाने म्हणाला.

"त्या पडद्यामागे वर्षातून एकदा, एकटा मुख्य याजक, म्हणजे मोठा पुजारी, जात होता. बाकी सारे बाहेर. देवाले ते तसंच ठेवायचं नव्हतं, भाऊ. आडपडदा काढायचाच होता."

गुणवंता घडी काखेत मारून घरी आला. रामाजी ओट्यावर बसला होता. रागावून गेलेला माणूस संत्र्यांची टोपली घेऊन परत आला होता. त्याने सगळं ऐकलं आणि आधी मांडी थोपटून हसला.

"मी म्हटलं नव्हतं? कायमचं म्हणे!" मग पडद्याची घडी त्याने मांडीवर घेतली, पदरावरून हात फिरवला. "तुमच्या लग्नात आंतरपाट मी धरला होता, आठवते का? एक टोक भटजीपाशी, एक माह्यापाशी. तुम्ही खालून तिचे पाय पाहून राहिले होते."

"सारेच पाहतात."

"तुम्ही जरा जास्त पाहत होते. भटजी म्हणे, ओढा. माहा हातच उठेना. वाटलं, हे कापड हटलं की बहीण गेली आपली. मी धरूनच उभा, अन् तिकून शकूच हळूच म्हणते, दादा, सोड ना!"

गुणवंताला हसू आलं. हे शकुबाईने त्याला कधी सांगितलं नव्हतं. हसता हसता त्याचे डोळे भरले. रामाजीने मान दुसरीकडे वळवली आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

शुक्रवारी दोघंही गेले. गुणवंताने पडदा पास्टरांपुढे धरला.

"हाच लावा. पण फाडीन मी."

"विचार करा, भाऊ."

"केला. अन् टोक धराले हे पाहिजेत."

पास्टरांनी दोघांना पडद्यामागे उभं केलं. शास्त्रात पडदा वरून फाटला होता, फाडणारा माणूस कोणाला दिसला नव्हता. कोशाशेजारी दोन स्टुलं ठेवली होती. रामाजी कुजबुजला, "पास्टर, इथं तर एकटा याजक येत होता म्हणता. आम्ही कसे चालतो?"

"आज कोणीही चालते. आजचा दिवसच आडपडदा काढायचा आहे."

उपासना सुरू झाली. पडद्यापलीकडे लोक गात होते, मग वाचन झालं. गुणवंताला काही दिसत नव्हतं. डोळ्यांसमोर जांभळा पदर होता, आणि पदराखालून, पलीकडच्या बायाबापड्यांचे अनवाणी पाय. त्याचा ऊर धडधडत होता, अगदी त्या दिवशीसारखा.

वाचणारा थांबला. गुणवंताने पदराच्या वरच्या काठाला कात्रीने छोटा छेद दिला. एक बाजू त्याने धरली, एक रामाजीने.

"सोड ना, दादा," रामाजी स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने ओढलं.

कापड सरळ, उभं, मोठा आवाज करत खालपर्यंत फाटत गेलं. भर दुपारचं ऊन आत आलं. पलीकडे शकुबाई नव्हती. पलीकडे माणसं होती, घामेजलेली, डोळे पुसणारी, आणि सगळी आतच पाहत होती, त्याच्याकडे. कोणी तोंड फिरवलं नाही. गुणवंतानेही फिरवलं नाही. तो स्टुलावर उभा राहून सगळ्यांसमोर रडला. घरात इतके महिने एकट्याने त्याला ते जमलं नव्हतं.

रविवारची उपासना झाल्यावर पास्टरांनी पदराचे दोन्ही तुकडे उसवून, धुऊन आणून दिले. रामाजी अजून मुक्कामालाच होता. गुणवंताने पेटीतलं बाकीचं विरलेलं लुगडं काढलं, ओट्यावर पसरलं, वर ते दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. गोधडीचा आकार झाला. त्याने सुई आणि दोरा रामाजीपुढे धरला.

"ओवून द्या. मले दिसत नाही."

रामाजीने दोऱ्याला थुंकी लावली, सुई उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. दोरा नेडं चुकवून बाहेरच गेला.

"हे काम शकूचं होतं, बाप्पा," तो म्हणाला आणि पुन्हा थुंकी लावली.

गुणवंता कडेची पट्टी दुमडत बसला. त्याला घाई नव्हती.