घरपट्टीच्या भिंती

सरकारी घराच्या भिंती बोलायच्या, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे, कारण त्या लोकांच्या घरपट्टीतून उभ्या राहिल्या होत्या. ज्याची घरपट्टी ज्या भिंतीत लागली, त्याचा आवाज त्या भिंतीत. तो माणूस आपला पेठेत दुकानावर चहा पीत बसलेला असायचा. आपण त्याच वेळी पाण्याच्या टाकीमागच्या या घरात, दुसऱ्या मजल्यावर, कुणाशी तरी गप्पा हाणतो आहोत याचा त्याला पत्ताही नसायचा.

द्वारकेच्या खोलीत उशाकडच्या भिंतीत एक चष्मेवाला होता. खिडकीखाली पोळीभाजीचं दुकान चालवणाऱ्या कावेरीबाई होत्या.

"घरपट्टी भरताना मी बोटं मोडली होती, बरं का," चष्मेवाला म्हणाला. "म्हटलं, गेले पैसे खड्ड्यात. आणि बघा कुठे लागले! ओल नाही, पोपडा नाही. हात लावून बघा की."

"झालं, स्वतःच स्वतःची आरती," कावेरीबाई म्हणाल्या.

पण आरती ओवाळण्यासारखंच काम होतं, खोटं कशाला बोला. मनोरुग्णालयात बरी झालेली, पण घरून न्यायला कुणीच न आलेली माणसं इथे राहायला आली होती. प्रत्येकाला आपली खोली, आपली खिडकी, चहापुरता ओटा. खाली हसीनाआपा राहायची. ती गोळ्यांची आठवण करून द्यायची, रडू आलं तर शेजारी बसायची आणि भांडण झालं तर दोघांनाही रागवायची. आणि ज्या बैठकीत हे घर मंजूर झालं, त्याच बैठकीत दारापर्यंत येणारी बसही मंजूर झाली होती. घर द्यायचं आणि बस नाही द्यायची, तर मग तो कोंडवाडाच की, असं कुणीतरी शहाणं माणूस तिथे बोललं होतं. देव त्याचं भलं करो.

द्वारका बुधवारी दुपारी एक कापडी पिशवी घेऊन आली. संध्याकाळी हसीनाआपा म्हणाली, "निवांत झोपा अक्का. आतून कडी लावून घ्या." द्वारकेनं लावली.

गुरुवारी सकाळी ती उठली. अंघोळ केली, मेंदी रंगाची साडी नेसली, केस चापून बसवले. ओला पंचा तिनं दाराच्या कडीवरच वाळत टाकला, कारण खोलीत टांगायला तेवढीच एक गोष्ट होती. मग हात पुढे बांधून दारासमोर उभी राहिली. वॉर्डात असंच असायचं. आवरून दारामागे उभं राहायचं, मावशी येते, दार बडवते, उघडते. जी शहाण्यासारखी उभी राहते तिचं दार आधी उघडतं. द्वारका कितीतरी वर्षं सगळ्यांत शहाण्यासारखी उभी राहिली होती, म्हणून तर ती बरी झाली असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

आज दार लवकर उघडायला हवं होतं. लेकीचा, तृप्तीचा, आपाच्या फोनवर निरोप आला होता. द्वारकेला नेलं तेव्हा तृप्ती फ्रॉक घालायची आणि तिचे पुढचे दात पडलेले होते. निरोप मात्र मोठ्या बाईसारखा होता. "जुन्या बाजाराच्या थांब्यावर उभी राहीन. ऊन चढेपर्यंत. आली तर आली. नाही आली तर पुन्हा बोलावू नका."

दार काही उघडेना.

"अहो, कडी तुमच्याच बाजूला आहे!" चष्मेवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," कावेरीबाईंनी त्याला दटावलं. "उघड म्हणायचं नाही असं आपानं बजावलंय. उघड म्हटलं की ती उघडेल. मग उद्या परत कुणीतरी म्हणायची वाट बघेल. आपण काय रोज म्हणत बसायचं का?"

"म्हणू की. आपल्याला दुसरा धंदा काय?"

"तरी नाही."

द्वारकेनं सगळं ऐकलं. पण भिंतींचं बोलणं म्हणजे हुकूम नव्हे, हे तिला आता कळत होतं. त्यावर चालायचं नाही हे तर तिनं वॉर्डात फार महागात शिकून घेतलं होतं. ती हात बांधून उभी राहिली.

नवा बसथांबा फाटकाबाहेर उभा होता, सिमेंटच्या चार पायांवर, डोक्यावर निळा पत्रा घेऊन. त्यानं थोडी वाट पाहिली. मग तो फाटकातून आत आला, तुळशीच्या कुंड्या चुकवत अंगण ओलांडलं आणि जिन्याशी येऊन खाकरला.

"कोण हवंय?" हसीनाआपानं विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरच्या बाई."

"चढा मग. पाय पुसून."

थांबा पाय पुसून जिना चढला. त्याच्या मागून बस आली. बसची पायरी जमिनीला टेकवता यायची, त्यामुळे जिन्याची अडचण काहीच झाली नाही. खालच्या खोलीतले भोसेकाका आपल्या चाकाच्या खुर्चीसकट वाटेतच बसमध्ये चढले आणि ब्रेक लावून निवांत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणी उचलून ठेवलं नव्हतं. ते खिडकीतून जिन्याकडे अशा तोऱ्यात बघत होते की बघणाऱ्याला हसू यावं.

बस दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात येऊन द्वारकेच्या दाराला लागून उभी राहिली. ड्रायव्हर खंडागळेबाईंनी हळूच एकदा हॉर्न दिला. माणूस चढल्याशिवाय ही बस सुटत नसे.

व्हरांड्यात एवढं सगळं मावायचं म्हणजे खोलीला मागे सरणं भाग होतं. खोली आक्रसू लागली. ओटा आत गेला, खाट भिंतीला मिळाली, खिडकी द्वारकेच्या पाठीला टेकली. चष्मेवाला आणि कावेरीबाई तिच्या दोन खांद्यांशी आले. शेवटी खोली एवढीच उरली की द्वारकेच्या नाकासमोर पंचा होता आणि पंच्याखाली कडी.

"मावशी," द्वारका दाराला म्हणाली, "मी केव्हाची तयार आहे."

"इथे मावशी नाही, अक्का," पलीकडून हसीनाआपाचा आवाज आला. "मी आहे. हसीना."

"मग तुम्ही उघडा."

"मला नाही येत. तुमच्या खोलीला बाहेरून काहीच नाहीये. कडी नाही, कुलूप नाही. मी तरी काय करू?"

द्वारका विचारात पडली. बाहेरून काहीच नाही असं दार असतं हे तिनं ऐकलंही नव्हतं.

"मग उघडू मी?"

सगळं गप्प झालं. एरवी ज्यांचं तोंड मिटत नसे त्या भिंती गप्प. वरच्या मजल्यावरचा शिक्षक, खालचा टायरवाला, गच्चीतली ती खोकणारी म्हातारी, सगळ्या गावाच्या घरपट्टीनं श्वास रोखून धरला. हॉर्न वाजला नाही.

"मला काय विचारता?" हसीनाआपा म्हणाली. "खोली तुमची."

द्वारकेनं पंचा काढला, झटकला, घडी करून खांद्यावर टाकला. मग कडी काढली. नवी होती, जरा घट्ट होती, पण निघाली.

"शाब्बास गं बाई माझी!" कावेरीबाई ओरडल्या, आणि चष्मेवाल्याच्या भिंतीचा हातभर गिलावा आनंदानं खाली पडला. तोच गिलावा, ज्याचं तो सकाळपासून कौतुक करत होता. हसीनाआपा पदरानं तोंड पुसत राहिली.

दारापलीकडे थेट बसचीच पायरी होती. द्वारका चढली आणि खिडकीशी बसली.

बस जिना उतरून रस्त्याला लागली. रस्ता नवा, सरळ आणि गुळगुळीत होता. दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब होते आणि अगदी टोकाला, लांब असूनही स्वच्छ दिसणारा, जुन्या बाजाराचा थांबा. थांब्यावर तृप्ती उभी होती. तिनं फ्रॉक घातला होता आणि तिचे पुढचे दात पडलेले होते.

"तीच! तीच ती!" द्वारका खिडकीला कपाळ लावून म्हणाली. "अगदी तशीच आहे हो!"

एक खांब मागे गेला. तृप्तीला दात आले. आणखी एक गेला आणि फ्रॉक आखूड झाला. पुढच्या खांबाला तिच्या खांद्यावर दप्तर होतं आणि दोन वेण्या होत्या, आणि त्या कुणी घातल्या होत्या ते द्वारकेला माहीत नव्हतं.

"अहो बाई," ती घाबरून पुढे ओरडली, "ती वाढतेय!"

"रस्ताच तसा आहे," खंडागळेबाई म्हणाल्या. "थांबवू? थांबवली तर ती आहे एवढीच राहील. तुम्ही इथून बघत बसा हवं तेवढं. पुष्कळ जण बसतात."

त्यांनी गाडी हळू केली. वेणीवाली तृप्ती थांब्यावर उभी होती, एका पायावर भार टाकून, नखं कुरतडत. हिला द्वारका अजून ओळखत होती. पुढच्या खांबापलीकडे जी उभी राहणार होती ती कोण, कशी, काय बोलेल, काही ठाऊक नव्हतं. ही तरी आपली होती. हिच्याशी ती वॉर्डातल्या छताकडे बघत रोज बोलली होती.

"बसा की," भोसेकाका मायेनं म्हणाले. "कुणी हाकलत नाही इथून."

ऊन थांब्याच्या पत्र्यावर आलं होतं. तृप्तीनं डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहिलं, आणि मग पाठ वळवायला लागली.

"नको," द्वारका म्हणाली. "थांबवू नका. जाऊ दे."

"नक्की ना? मागे नाही घेता येत."

"जाऊ दे म्हटलं ना!" ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

बसनं वेग घेतला. खांब भराभर मागे पडू लागले. वेण्या गेल्या, साडी आली, गळ्यात मंगळसूत्र आलं, कडेवर एक मूल आलं आणि उतरून चालतं झालं. चेहरा भरला, मग ओढला. द्वारका रडत होती, पण तिनं डोळे मिटले नाहीत. एकेक खांब तिनं पाहून घेतला.

बस थांबली. पायरी जमिनीला टेकली.

कानशिलांवर पांढरे झालेले केस, खांद्याला पर्स, हातात डबा अशी एक दमलेली बाई वर चढली. तिनं सगळ्या बसभर नजर फिरवली. भोसेकाकांकडे पाहिलं, रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग ती द्वारकेच्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"जरा सरका," ती बाई म्हणाली.

द्वारका सरकली. ती शेजारी बसली. द्वारकेच्या पदराचं टोक तिच्याखाली अडकलं, आणि द्वारकेनं ते ओढून घेतलं नाही.