धाकट्याच्या नावाची सापसुरळी

टपालाने आलेलं खोकं उघडून साहेबांनी बरणी टेबलावर ठेवली, तेव्हाच बाईंनी नजर खिडकीकडे वळवली.

बाई म्हणजे संग्रहालयातल्या चित्रकार बाई. साहेबांच्या हाताखाली, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून बावीस वर्षं त्या पाली, सरडे, सापसुरळ्या यांची चित्रं काढत आल्या होत्या. एकेक खवला मोजून, मग कागदावर. आता बरणीतल्या स्पिरिटमध्ये करंगळीएवढी सापसुरळी होती. शंभर वर्षांपूर्वी मेलेली, रंग उडून चहाच्या चोथ्यासारखी झालेली, पायाला सुताने नंबराची चिठ्ठी बांधलेली. एवढासा जीव, पण बाईंना त्याच्याकडे बघवेना.

बाईंचा धाकटा भाऊ याच खोलीत नोकरीला होता. डोंगरात जायचं, दगड उलटायचे, खाली काय सळसळतं ते पकडून आणायचं, हे त्याचं काम. चार वर्षांपूर्वी असाच एक दगड त्याने उलटला आणि खालच्या सापाने डाव साधला. लोकांनी त्याला घरी आणला तेव्हा सगळं संपलं होतं. कमरेच्या कापडी पिशवीतल्या तीन सापसुरळ्या मात्र जिवंत होत्या.

त्या तिघींना बाईंनीच मोजलं. साध्या सापसुरळीच्या पोटापाठीभोवती खवल्यांच्या अठ्ठावीस रांगा असतात. यांच्या भरल्या बत्तीस. जात नवी होती. साहेबांनी लेख लिहिला आणि जातीला धाकट्याचं नाव दिलं. छापील पान चौकटीत घालून बाईंनी आईच्या खाटेसमोर टांगलं. आई तेव्हापासून अंथरुणालाच खिळलेली, पण जीभ शाबूत. शेजारीण म्हणाली, "पोराचं नाव सापसुरळीला? कसलं मेलं कौतुक!" तशी आई ताडकन म्हणाली, "तुझ्या पोराचं नाव विजेच्या बिलाशिवाय कुठे छापून आलंय का, ते सांग आधी." शेजारीण गेल्यावर मात्र आईने बाईंचा हात धरला होता. "हे राहणार ना ग? पुसणार नाही ना कोणी?"

"कोण पुसतंय, आई?"

पुसणारं आता बरणीत बसून आलं होतं.

त्याच डोंगरातून शंभर वर्षांपूर्वी कुणा गृहस्थाने एक सापसुरळी नेऊन तिला नाव दिलं होतं. पुढे एका विद्वानाने जाड पुस्तकात लिहिलं, हिच्या रांगा अठ्ठावीसच, ही साधीच. ते नाव बाद झालं. लेख लिहिताना साहेब म्हणाले होते, "बाई, ती बरणी मागवून घेऊ. दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबू नये."

"सहा महिने लागतील, साहेब. आईचा आजउद्याचा भरवसा नाही. पुस्तकात छापलंय की!"

साहेब आयुष्यात पहिल्यांदा ऐकते झाले. आता कुठलासा अभ्यासक सगळ्या सापसुरळ्यांची नवी यादी करत होता. त्यानेच ही बरणी पाठवायला लावली होती. तुम्हीच मोजून कळवा, म्हणाला. अठ्ठावीस भरल्या तर काळजी नाही. बत्तीस भरल्या तर ही आणि धाकट्याची एकच, आणि ज्याने आधी नाव दिलं त्याचंच खरं. धाकट्याचं नाव रद्द.

त्या खोलीचा एक रिवाज होता. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी उलटी ठेवायची, मग दोन्ही एकदम उघडायच्या. पूर्वी दुसरी चिठ्ठी धाकट्याची असायची. आता साहेबांची.

बाईंनी भिंगाखाली सुई टेकवली. एकेक रांग ओलांडत सुई पोटावरून पाठीवर आली, फिरून पोटाशी गेली. बत्तीस. उलट बाजूने मोजलं. बत्तीस. दिवा सरकवला, डोळे पुसले, देवाला नवस बोलावा तसं मनात म्हटलं, चार कमी कर रे, चारच. बत्तीस.

त्यांनी चिठ्ठीवर अठ्ठावीस लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत आलं, याचंच त्यांना भय वाटलं.

साहेब बसले. बराच वेळ मोजत राहिले. त्यांनीही लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या. साहेबांची, अठ्ठावीस.

क्षणभर बाईंना वाटलं, सुटले. आपलेच डोळे फसले असतील. मग त्यांनी वर पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते, पुसतच होते. बावीस वर्षांत हा माणूस एका रांगेने चुकला नव्हता.

"साहेब, तुमचे अठ्ठावीस कुठून आले?"

"तुमचे आले तिथूनच."

"माझी आई आहे घरी. तुमचं काय अडलंय?"

साहेबांनी चष्मा टेबलावर ठेवला. "दगड उलटायची लांब दांड्याची आकडी त्या दिवशी दुरुस्तीला टाकली होती, बाई. तुमचा भाऊ म्हणाला, ती आल्यावर जातो. मीच म्हटलं, एक दिवस हाताने उलट, काय होतंय."

हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना रडू येईना, रागही येईना.

"अठ्ठावीस म्हणून कळवू, सही करा," साहेब म्हणाले. "बरणी परत जाईल. आपण गेल्यावर कोण बघतंय?"

"बघेल कोणीतरी. ते गृहस्थ गेल्यावर आपण बघितलंच ना?"

"आणि आईंना काय सांगणार?"

संध्याकाळी बाई चहा देतील तेव्हा आई विचारणार होती, आज काय काय मोजलंस ग? चार वर्षं रोज विचारायची. खोटं सांगावं तर समोर ते पान. त्या पानावर धाकट्याच्या नावाखाली बाईंनी मोजलेले बत्तीस छापले होते. आज या टेबलावर बत्तीसचे अठ्ठावीस होणार असतील, तर त्या बत्तिसांवर तरी कुणी का विश्वास ठेवायचा?

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या.

"आता मोठ्याने मोजू. दोघांनी मिळून."

"बाई, राहू द्या. हात जोडतो."

"तुम्ही आकडा म्हणा. सुई मी धरते."

साहेब आकडे म्हणू लागले. विसापर्यंत आवाज ठीक होता. पंचविसाला तो बसला. सव्वीस, सत्तावीस नुसते ओठांनी आले.

"अठ्ठावीस," साहेब म्हणाले आणि थांबले.

सुई पुढच्या खवल्यावर टेकलेली होती. साहेबांनी मान फिरवली.

"एकोणतीस," बाई म्हणाल्या.