नामाचा कान आणि चारशे सात

आमच्या शेजारच्या नामाचा कान कसा तुटला ते मी जसं सांगते तसं नामालापण सांगता येत नाय. तो तेव्हा बोंबलत होता ना.

आमी किन्हवलीचे. माझी नातसून भाविका मुंबईच्या कंपनीत. आठवड्यातनं दोन दिवस घरनं काम. कंपनीचं सगळं त्या प्रॉक्सीतनं जातं. प्रॉक्सी म्हंजे फाटकावरचा माणूस, वळखलं तरच आत सोडणार. दोनदा उशीर झालेला, म्हणून साहेबानं बजावलेलं, आता दहाच्या आत आली नायस तर येऊच नको.

त्या दिवशी फाटकावरच्यानं तिला हाकललं. पडद्यावर आकडा, चारशे सात. पासवर्ड घातला, परत चारशे सात. लॅपटॉपात दहाला पाच कमी.

माझा नातू साईनाथ, तिचा नवरा, गरजला, "नाम्यानं नेटची वायर तोडली! सकाळपासनं बांधावर खणतोय मेला!"

"अवो, वायर तुटली असती तर ह्यो आकडापण नसता आला. फाटकावरचा जागा हाय, मलाच वळखत नाय. परवा पाचशे दोन आलेला, तेव्हा फाटकापल्याड बिघडलेलं."

पण ऐकतो कुठं? कोयता घेऊन सुटला.

नामानं कुदळ फिरवली. दांडा बसला तोंडावर, साईनाथचे दोन दात खाचरात. तिथं पुढच्या साली दाताएवढा भात आला! साईनाथनं कोयता हाणला. नामाचा अर्धा कान उडाला तो शेवग्यावर, तिथनं कावळ्यानं सिद्धगडावर नेला. रक्त एवढं, की माझी कोंबडी पवायला लागली.

मी मुसळ घेऊन मधी पडले. एक टोला नातवाच्या गुडघ्यावर, एक नामाच्या पाठीत. तरी साईनाथ त्याच्या छाताडावर बसला, कोयता नरड्याला.

दारात भाविका रडत होती. "दहा वाजून गेले. संपलं माझं."

नामानं खालनंच मोबाईल उपसला. "बघ रे राक्षसा! नऊ सत्तेचाळीस! पोलिसांना हाच टाइम सांगणार!"

"किती?" भाविकानं रक्तानं माखलेला मोबाईल हिसकला. "माझ्यात तर दहा झाले!"

सगळ्यांनी साईनाथकडं बघितलं. कोयता खाली आला.

"तुझी आसनगावची लोकल चुकू नये म्हणून... काल सगळीच घड्याळं पुढं केली. भिंतीवरचं, मोबाईलमधलं, लॅपटॉपपण."

आमच्याकडं लोकलवाल्यांच्या घरात घड्याळ पुढंच असतं. पण लॅपटॉपचं?

"अवो, फाटकावरचा टाइमपण ताडून बघतो, जुळला नाय तर वळखल कसा!" भाविका घरात पळाली. घड्याळ मागं केलं, पासवर्ड घातला. फाटक उघडलं.

"गुड मॉर्निंग सर," ती म्हणाली. गालावर नामाचं रक्त.

बाहेर नामा उठला, कुदळ घेतली, साईनाथकडं वळला. साईनाथनं माझ्याकडं बघितलं. मी मुसळ भिंतीला टेकवलं.

पयला दणका बसला तशी आत भाविकानं माईक बंद केला.